बासनाची गाठ

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी मी जेवणाची चौकशी केली आणि तू चिडून फोन ठेवलास. प्रयोग चालू असला की दोन-दोन दिवस नुसत्या पावावर काढतेस, हे तूच बोलता बोलता सांगून गेली होतीस. त्याविषयी पुन्हा काही लिहायचे नाही, असे ठरवूनच हे पत्र लिहायला बसले आहे.

नेदरलँड्समधल्या लायडनला निघण्याच्या आदल्या दिवशी तू माळ्यावरून अण्णांच्या पोथ्या काढल्यास आणि लाल बासनातली एक हातात घेऊन मला हेटेरोक्रोमॅटिन, म्हणजे पोथीसारखा घट्ट बांधून ठेवलेला डीएनए, समजावलेस. पेशीतल्या दोन मीटर लांब डीएनएपैकी जो भाग वाचायचा नसतो, तो ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांवर मिथाइल या छोट्या रासायनिक गटाच्या खुणा होतात, एचपी-1 हे प्रथिन त्या खुणा धरून तो भाग आवळून ठेवते, आणि वय वाढते तशी ही गाठ जागोजागी सैल होते, असे तू म्हणालीस. मग आत निजलेले, उडी मारून दुसरीकडे जाऊन बसू शकणारे डीएनएचे जुने तुकडे जागे होतात, आणि पेशी त्यांना विषाणू समजून दाह सुरू करते. ज्या वर्नर आजारात माणूस विशी-तिशीतच म्हातारा दिसू लागतो, त्यात जे जनुक बिघडलेले असते तेच निरोगी मूळ पेशींतून काढून टाकले तेव्हाही ही बांधणी ढिली झालेली 2015 मध्ये दिसली. अठ्ठावीस वर्षे मी वर्गात या भागाला ‘निष्क्रिय’ म्हणून एका वाक्यात उरकत आले. तू बोलत होतीस तेव्हा माझा ऊर भरून आला होता.

पण त्याच दिवशी तू 1944-45 च्या हिवाळ्यातल्या डच दुष्काळाचेही सांगितलेस. शहरांतले रेशन दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेले होते. त्या काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या आयजीएफ-2 या वाढीशी संबंधित जनुकाच्या डीएनएवर साठ वर्षांनंतरही सख्ख्या भावंडांपेक्षा मिथाइलच्या खुणा कमी होत्या, हे तुझ्याच लायडनच्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवले. तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही. तुझ्या वेळी पहिले तीन महिने माझ्या पोटात पाणीही ठरत नव्हते, आणि त्या दिवसांत घरी काय चालले होते ते आक्काने तुला सांगितलेच आहे. पेजेची वाटी घेऊन मी न्हाणीच्या उंबऱ्यावर बसायची, दोन घोट घ्यायची आणि तिथेच ओकायची. पेजेचा तो वास अजून नाकात आहे.

तो फरक लहान होता, तो अनेकांच्या सरासरीचा आहे आणि त्यावरून एका माणसाचे भविष्य सांगता येत नाही, हे मला कळते. खुणा करणारी विकरे असतात तशी पुसणारीही असतात. तरीही तू उपाशी आहेस असे ऐकले की आधी ती वाटीच डोळ्यांपुढे येते. म्हणून सांगते, भात लावायला वीस मिनिटे लागतात, डाळ रात्री भिजत घालता येते, आणि प्रयोगशाळेत डबा नेण्यात कमीपणा नसतो. पुन्हा शिकवायला लागले, क्षमा कर. तुझ्याजागी मी असते तर मीही फोन ठेवला असता.

मेतकूट आणि कुळथाचे पीठ पाठवले आहे. रविवारी फोन कर. काय खाल्लेस ते मी विचारणार नाही. तू आपणहून सांगितलेस तर ऐकेन.

तुझी,
आई