वस्तीचं नाव आणि बरांगाय

मनिला

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

वस्तीचं जातिवाचक नाव बदलायचा ठराव ग्रामसभेत येतोय, हे वाचून फार आनंद झाला. इकडे फिलिपिन्समध्ये गावांची नावं कोण ठरवतं, असं तू विचारलं आहेस. थोडं लांबेल, पण सांगतो.

इथला सगळ्यात खालचा सरकारी घटक म्हणजे बरांगाय. देशभरात ४२ हजारांहून जास्त आहेत. प्रमुखाचं कायद्यातलं पद ‘पुनोंग बरांगाय’, पण लोक ‘काप’ म्हणूनच हाक मारतात. आपला सरपंच आता थेट निवडतात, तसाच तोही थेट मतदानातून येतो. सोबत सात कागावाद, म्हणजे सदस्य, आणि तरुणांच्या मंडळाचा अध्यक्ष. नोकरीसाठी दाखला हवा, रात्री गल्लीत भांडण झालं, की आधी बरांगायच्या कार्यालयात जायचं. शेजाऱ्यांचे बरेचसे तंटे कोर्टात नेण्याआधी लुपोन नावाच्या मंडळापुढे न्यावेच लागतात. तिथे वकील चालत नाही. दोघांनी स्वतः समोरासमोर बसून बोलायचं. मला ही व्यवस्था मनापासून आवडते.

आता नावाचं. बरांगाय हा शब्द ‘बालांगाय’वरून आला, आणि बालांगाय म्हणजे होडी. दक्षिणेतल्या बुतुआन शहरात १९७६मध्ये चिखलातून अशा जुन्या होड्या निघाल्या, फळ्या एकमेकींना लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या. १५८९मध्ये प्लासेन्सिया नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूने लिहून ठेवलं, की कधी शंभर, तर कधी तिसांहूनही कमी घरांच्या वस्तीला बरांगाय म्हणतात आणि तिच्या म्होरक्याला दातू. एका होडीतून आलेली माणसं एकत्र राहिली आणि होडीचा नायकच दातू झाला, असा त्याचा तर्क.

स्पॅनिशांनी विखुरलेली घरं चर्चभोवती गोळा केली, दातूला ‘काबेसा दे बरांगाय’ केलं आणि करवसुलीला जुंपलं. गावांना संतांची नावं मिळाली. सान इसिद्रो, सान होसे आजही जागोजागी भेटतात. पुढे वस्तीसाठी ‘बारिओ’ हा स्पॅनिश शब्द रुळला आणि अमेरिकी अमलानंतरही टिकला.

जुनं नाव परत आणलं राष्ट्राध्यक्ष मार्कोसने. १९७२च्या सप्टेंबरात लष्करी कायदा आला, वर्षअखेरीच्या हुकमाने नागरिकांच्या सभा उभ्या राहिल्या आणि जानेवारी १९७३मध्ये त्याच सभांमध्ये हात वर करून नवी राज्यघटना ‘मंजूर’ करवून घेतली. १९७४मध्ये सगळ्या बारिओंचं बरांगाय झालं. इतकं इथलं, इतकं जुनं नाव परत यावं ते हुकूमशहाच्या सोयीसाठी, याचं मला अजून वाईट वाटतं.

पण नाव टिकलं आणि १९९१च्या कायद्याने त्याला बळ दिलं. तुझ्या कामाचा भाग हाच. बरांगायचं नाव बदलायचं तर शहराच्या किंवा नगरपालिकेच्या सभागृहाचा ठराव, इतिहास संस्थेचा सल्ला आणि शेवटी तिथल्याच रहिवाशांचं मतदान. त्यांनी कौल दिला तरच बदल लागू. हयात माणसाचं नाव द्यायचं नाही. सबळ कारण लागतं आणि दहा वर्षांतून एकदाच बदल करता येतो. पुढाऱ्यांच्या नावांची हौस आपल्याला ठाऊक आहेच. ही अट आपणही उचलावी असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

उणी बाजूही आहे. खुद्द मनिला शहरात जवळजवळ नऊशे बरांगाय, आणि बहुतेकांची ओळख निव्वळ आकडा. शेजारच्या कालोओकानमध्ये ‘बरांगाय १७६’ होतं. लोक त्याला बागोंग सिलांग म्हणतात. २०२०च्या जनगणनेत तिथे २ लाख ६१ हजारांवर माणसं होती, देशात सर्वांत जास्त. एवढ्यांना मिळून एक काप! ऑगस्ट २०२४मध्ये मतदान होऊन त्याचे सहा भाग झाले. त्यांची नावं काय, तर १७६-ए पासून १७६-एफपर्यंत. मतपेटी दारात आलीच होती, तर माणसांना वापरातलं नावही मागता आलं असतं.

म्हणून सांगतो, ठरावात नुसतं जुनं नाव रद्द करू नका. नवं नाव वस्तीतल्या माणसांनीच सुचवू दे, बायकांनाही आवर्जून विचार, आणि सभेआधी घरोघरी जा. काय ठरलं ते लगेच कळव.

तुझाच,
मित्र