प्रकल्पावरचा शेरा आणि अडलेली लेखणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून पदवीच्या वर्गांत प्रकल्पांना महत्त्व आले असून, काही महाविद्यालयांत मराठीच्या विद्यार्थ्यांना स्वतःची कथा, ललित लेख किंवा काही कविता लिहून त्या प्रकल्प म्हणून सादर करता येतात. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. दुसऱ्याच्या कथेचे रसग्रहण पाठ करून उतरवणाऱ्यापेक्षा स्वतः एक कथा लिहून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला कथेतले अधिक कळते, हे लातूर जिल्ह्यात वर्षानुवर्षे मराठी शिकवताना मी पाहिले आहे. मात्र या प्रकल्पांवर लिहिले जाणारे शेरे, आणि ते वाचल्यानंतर पुढे सरकेनाशी होणारी मुलांची लेखणी, याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. म्हणून हे पत्र.

माझ्या परिचयातील एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी कथा लिहिली होती. तिचे गाव आणि महाविद्यालय यांची नावे मुद्दामच देत नाही, कारण प्रश्न एका ठिकाणापुरता नाही. कथेचा काळ २०१६ च्या उन्हाळ्याचा, म्हणजे मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले त्या दिवसांचा. ही मुलगी तेव्हा प्राथमिक शाळेत होती. कथेत आजी आणि नात टँकरच्या रांगेत आहेत. रांगेत माणसे कमी आणि घागरी अधिक, कारण घागर ठेवून प्रत्येक जण सावलीला गेलेला. आपली घागर ओळखू यावी म्हणून आजीने तिच्या गळ्याला जुन्या लुगड्याची चिंधी बांधली आहे. टँकर येतो तेव्हा ती चिंधी कुणीतरी सोडून दुसऱ्याच घागरीला बांधल्याचे नातीच्या लक्षात येते, आणि ते कुणी केले हेही तिला ठाऊक असते. हे ज्या मुलीला सुचले, तिला कथा म्हणजे काय हे कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

प्रकल्प परत आला तेव्हा शेवटच्या पानावर लाल शाईत तीन वाक्ये होती: ‘कथा जमलेली नाही. भाषा अशुद्ध. वाचन वाढवावे.’ आतल्या पानांवर एकच दुरुस्ती होती. शेजारीण नातीला विचारते, ‘काय करलालीस गं इथं?’ ते वाक्य खोडून वर ‘तू येथे काय करीत आहेस?’ असे लिहिलेले होते. त्यानंतर ती मुलगी वही उघडायची, वर तारीख घालायची, पहिले वाक्य लिहून खोडायची आणि वही मिटायची. मुले याला ‘ब्लॉक आलाय’ म्हणतात. घरच्यांना वाटले, परीक्षा संपली म्हणून लिहिणे संपले.

परीक्षकांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की कथेत दोष होते आणि ते लहान नव्हते. सुरुवातीची तीन पाने सूर्योदय, पाखरांची किलबिल आणि गावाचे वर्णन यांतच गेली होती; रांग चौथ्या पानावर लागत होती; आणि शेवटी ‘पाणी हेच जीवन’ असे तात्पर्य काढून चिंधीच्या प्रसंगावर बोळा फिरवला होता. ‘कथा जमलेली नाही’ हे म्हणणे त्या अर्थाने खरेच होते. पण ते वाचून पुढे काय करायचे, हे त्या मुलीला कळण्याची काहीच सोय नव्हती. डॉक्टरांनी रुग्णाला तपासून चिठ्ठीवर ‘प्रकृती ठीक नाही’ एवढेच लिहून द्यावे, असा तो प्रकार झाला. याच परीक्षकांनी ‘पहिली तीन पाने काढून टाक आणि घागर रांगेत ठेवण्यापासून कथा सुरू कर’ असे लिहिले असते, तर तो शेरा आधीच्याहून अधिक कडक झाला असता; तीन पाने फेकायला सांगणे हे काही गोंजारणे नव्हे. तरीही त्या शेऱ्याने मुलीच्या हाती काम दिले असते. माझा आक्षेप कडकपणाला नाही, पोकळपणाला आहे. ‘छान प्रयत्न, शुभेच्छा’ हा शेराही तितकाच पोकळ असतो. त्याने मन दुखावत नाही, इतकाच काय तो फरक.

लिहिता लिहिता अडणाऱ्या विद्यार्थ्यांचा एक अभ्यास अमेरिकेतील माइक रोझ या अध्यापकांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केला होता. लॉस एंजेलिस येथील विद्यापीठातल्या दहा विद्यार्थ्यांशी त्यांनी तपशीलवार बोलून पाहिले. त्यांपैकी पाच लिहिताना हमखास अडणारे होते आणि पाच न अडणारे. अडणाऱ्यांकडे बुद्धी कमी नव्हती. त्यांच्याकडे नियम फार होते आणि ते दगडासारखे घट्ट होते. पहिलेच वाक्य निर्दोष हवे, आराखडा पूर्ण झाल्याशिवाय लेखनाला हात घालायचा नाही, अशा धाटणीचे नियम. न अडणाऱ्यांकडेही नियम होते, पण काम होत नसेल तर ते बाजूला ठेवण्याची मोकळीक ते स्वतःला देत. आपल्याकडे हे नियम कुठून येतात, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. दहावीच्या मराठीत कथालेखन असते. तिथे मुद्दे दिलेले, शीर्षक द्यायचे आणि शेवटी तात्पर्य सांगायचे, अशी सवय लागते. बाजारातील मार्गदर्शकांत निसर्गवर्णनाची तयार वाक्ये मिळतात. सोनेरी किरणांशिवाय सकाळ होऊ शकते, हे मुलाला कुणी सांगितलेलेच नसते. सूर्योदयाची ती तीन पाने त्या मुलीची नव्हती, आपण तिला शिकवलेली होती. आणि जे तिचे स्वतःचे होते, ते वाक्य मात्र लाल शाईने खोडले गेले.

त्या खोडलेल्या वाक्याबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे. लातूर-धाराशिवकडचे ‘करलालीस’, नांदेड-परभणीकडचे ‘करायलास’ ही आपली रोजची बोली आहे. कथेच्या निवेदनात प्रमाण मराठीची अपेक्षा ठेवणे समजू शकते, त्याविषयी वाद घालता येईल. पण टँकरच्या रांगेतील बाई ‘तू येथे काय करीत आहेस’ असे विचारू लागली, तर तिथेच कथेवरचा विश्वास उडतो. मराठवाड्यात तरी हा मुद्दा नव्याने पटवण्याची वेळ येऊ नये. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी याच भूमीतून ‘अस्मितादर्श’ हे दलित साहित्याचे नियतकालिक चालवले, लेखक-वाचक मेळावे घेतले, आणि ज्यांच्या घरात त्याआधी कुणी लिहिले नव्हते अशा कितीतरी तरुणांचे लेखन छापले. ज्या भाषेला एके काळी अशुद्ध म्हटले जात होते, तीच पुढे मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमात गेली. आज त्याच अभ्यासक्रमाचा विद्यार्थी आपल्या आजीच्या तोंडची भाषा लिहितो आणि ती खोडली जाते, यातली विसंगती कुणाला खटकत कशी नाही?

आणखी एक बाब गुणांची. शिक्षणविषयक संशोधक रूथ बटलर यांनी इस्रायलमधील शाळकरी मुलांवर केलेला एक प्रयोग १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना त्यांच्या कामावर फक्त अभिप्राय दिला, काहींना फक्त गुण आणि काहींना दोन्ही. ज्यांना फक्त अभिप्राय मिळाला त्यांचे पुढचे काम सुधारले आणि त्यांची आवडही टिकली. ज्यांना गुण आणि अभिप्राय एकत्र मिळाले, त्यांना अभिप्रायाचा जवळजवळ काही उपयोग झाला नाही. ती कामे कथालेखनाची नव्हती हे मान्य, पण वर्गात अनेक वर्षे काढलेल्या कुणालाही हे ओळखीचे वाटेल. गुण दिसले की मूल आपले गुण पाहते, मग शेजारच्याचे पाहते, आणि शेरा वाचायचा राहून जातो. वाचला तरी तोवर प्रकल्प जमा झालेला असतो. सुधारणा करायची ती कशात?

‘वर्गात पन्नास-साठ मुले असताना प्रत्येकाच्या कथेवर सविस्तर कोण लिहिणार?’ असे अध्यापक विचारतील. हा प्रश्न खरा आहे. मराठवाड्यातील कितीतरी महाविद्यालयांत मराठीचा भार तासिका तत्त्वावरील अध्यापक वाहतात. त्यांना मिळणारे मानधन तासाचे असते आणि घरी नेलेल्या प्रकल्पांच्या गठ्ठ्याचे कुणी मोजत नाही. यावर शासनाने जे करायचे ते करावे. तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. पण उपयोगी शेऱ्याला फार शब्द लागत नाहीत. लेखनातील जिवंत जागा कोणती, वाचताना कुठे अडखळलो आणि पुढच्या खर्ड्यात पहिल्यांदा काय बदलावे, एवढे तीन ओळींत मावते. लाल शाईतील ती तीन वाक्येही तेवढीच जागा खात होती.

पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीच्या प्रती पाहून पाठ शुद्ध केला. आपण हे अत्यंत आदराने केले, अशी नोंदही त्यांनी करून ठेवली. त्याच नाथांनी, या ग्रंथात कुणी स्वतःची ओवी घुसडली तर ती अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवल्यासारखी होईल, असेही बजावले. दुसऱ्याच्या मजकुराला आदराने हात लावणे आणि गरज तिथे कडक बोलणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला साधत होत्या. प्रथम वर्षाच्या मुलीची कथा म्हणजे ज्ञानेश्वरी नव्हे, हे मला कळते. पण वाचण्याची रीत आपल्याला तिथूनही घेता येईल.

पोकळ आणि अपमानकारक शेऱ्यांचा आणखी एक परिणाम आता दिसू लागला आहे. पूर्वी झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळत, फक्त नाव बदलून स्पायरल बाइंडिंग करायचे. आता मोबाइलवर कृत्रिम बुद्धिमत्ता काही क्षणांत कथा लिहून देते. ती कथा व्याकरणदृष्ट्या गुळगुळीत असते, तिच्यात कुणीही ‘करलालीस’ म्हणत नाही, आणि म्हणून ती लाल शाईतून सुखरूप सुटते. स्वतःचे लिहिलेले खोडले जाते आणि उसने आणलेले खपून जाते, हे मुलांना फार लवकर कळते. त्यानंतर नैतिकतेची व्याख्याने देऊन काही उपयोग नाही.

ज्या विद्यार्थ्यांची लेखणी अशी अडली आहे, त्यांना अनुभवाने सांगावेसे वाटते ते असे. शेरा मिळाला त्याच दिवशी कथा सुधारायला बसू नये. दोन-चार दिवसांनी तो पुन्हा वाचावा आणि त्यातले मजकुराविषयीचे काय, परीक्षकाच्या आवडीनिवडीचे काय आणि तुमच्याविषयीचे काय, हे वेगळे काढावे. पहिल्यावर काम करावे, दुसऱ्यावर विचार करावा, तिसरे सोडून द्यावे. शेरा मोघम असेल तर अध्यापकांना ‘सर, नेमके कोणते वाक्य खटकले?’ असे विचारावे. समोर उभे राहून विचारण्याचा संकोच वाटत असेल, विशेषतः मुलींना तो वाटतो, तर चिठ्ठीवर लिहून द्यावे. सुरुवात सुचत नसेल तर सुरुवात लिहूच नये. जो प्रसंग डोळ्यांसमोर स्वच्छ दिसतो तिथून लिहावे, मग तो कथेच्या मध्यावरचा का असेना. आणि कागदावर काहीच उतरत नसेल तर गोष्ट कुणाला तरी तोंडी सांगावी. वर उल्लेखलेल्या मुलीने अखेर तेच केले. धाकट्या भावाला गोष्ट सांगताना तिने मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले आणि नंतर ऐकून ते उतरवून काढले. सांगताना सूर्योदय कुठेच आला नाही; गोष्ट थेट ‘आजीनं घागर ठिवली’ इथून सुरू झाली. तात्पर्यही आले नाही, कारण चिंधीपाशी भावाने ‘मग?’ विचारले, आणि पुढे सांगण्यासारखे काही उरले नव्हते.

परभणीला १९९५ मध्ये, धाराशिवला २०२० मध्ये, उदगीरला २०२२ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने झाली. आपल्या भागात मांडव पडले, ग्रंथदिंड्या निघाल्या याचा मलाही आनंद झाला. पण तालुक्याच्या महाविद्यालयातील नवख्या लेखकाची कथा नीट वाचणारा एक वाचक तिला मिळवून देणे, हे संमेलनापेक्षा पुष्कळ कमी खर्चाचे काम आहे.

म्हणून विद्यापीठांच्या मराठी अभ्यास मंडळांना आणि महाविद्यालयांना विनंती आहे की सर्जनशील लेखनाचा प्रकल्प दोन टप्प्यांत घ्यावा. सत्राच्या मध्यावर कच्चा खर्डा घ्यावा आणि त्यावर केवळ अभिप्राय द्यावा, गुण देऊ नयेत. सत्राच्या शेवटी सुधारलेला खर्डा पहिल्यासोबत जोडून घ्यावा आणि गुण देताना दोन खर्ड्यांमध्ये काय बदलले, हेही पाहावे. संवादांतील बोली ही चूक धरू नये, असे मूल्यमापनाच्या सूचनांत स्पष्ट लिहावे. दोन खर्डे मागितले की उसनवारीही सहज उघडी पडते, हा वरचा लाभ. ज्या महाविद्यालयांना अभ्यास मंडळाच्या निर्णयाची वाट पाहायची नसेल, त्यांना अंतर्गत मूल्यमापनात हा बदल येत्या सत्रापासूनच करून पाहता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मराठी अध्यापक
(जि. लातूर)