उत्खननाइतकीच जपणूकही महत्त्वाची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आदिमानव, जीवाश्म, लुप्त झालेल्या संस्कृती यांविषयी आपल्या वृत्तपत्रात येणाऱ्या बातम्यांची मी कात्रणे काढून ठेवते. सोबतचे छायाचित्र बहुतेक वेळा ठरलेले असते: खड्ड्यात उकिडवा बसलेला संशोधक, हातात ब्रश आणि मातीतून अर्धवट वर आलेले हाड. ते पाहून कुणालाही वाटेल की शोध लागतो तो त्या खड्ड्यातच. मी एका वस्तुसंग्रहालयाच्या नोंदणी विभागात आयुष्याची बरीच वर्षे काढली. एकदा पाहणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी मला विचारले होते, "एकसारखे एवढे शिंपले कशाला सांभाळता? चार ठेवा, बाकीचे काढून टाका." तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. आज देते.

युजीन दुब्वा या डच डॉक्टरांनी १८९१ मध्ये जावा बेटावर ट्रिनिल येथे खोदकाम केले. तिथे मिळालेल्या होमो इरेक्टस या लुप्त झालेल्या मानवप्रजातीच्या कवटीने त्यांचे नाव झाले. पण त्याच ठिकाणचे गोड्या पाण्यातले शिंपलेही त्यांनी गोळा केले आणि ते नेदरलँड्सला पोहोचले. कवटीवरून वर्षानुवर्षे वाद झडले; शिंपले लायडनच्या संग्रहात पडून राहिले, शंभराहून अधिक वर्षे. २००७ मध्ये एका संशोधकाने त्यांची छायाचित्रे काढली, आणि ती न्याहाळताना एका शिंपल्यावर त्याला नागमोडी, टोकदार वळणांची रेघ दिसली. कुणीतरी धारदार वस्तूने मुद्दाम कोरलेली. शिंपल्यात अडकून राहिलेल्या गाळावरून वय काढले, ते निघाले किमान ४,३०,००० वर्षे. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झाले. होमो सेपियन्स, म्हणजे आपण, तेव्हा पृथ्वीवर असल्याचा कसलाही पुरावा नाही. अशी नक्षी फक्त आपल्यालाच सुचते, या समजुतीला त्या रेघेने धक्का दिला. दुब्वांनी चारच शिंपले ठेवले असते, तर तो पाचवा कुणी पाहिला असता?

पक्ष्यांच्या अंड्यांचेही तसेच. ब्रिटनमध्ये बहिरी ससाण्याची अंडी घरट्यातच फुटू लागली, तेव्हा डेरेक रॅटक्लिफ यांनी जुन्या संग्रहांतली रिकामी कवचे मोजली आणि वजन केली. प्रत्येकावर वर्ष लिहिलेले होते, म्हणूनच १९४७ च्या सुमारास कवच एकाएकी पातळ झाल्याचे त्यांना दिसले. डीडीटी या कीटकनाशकाचा वापर वाढू लागला तो याच काळात. १९६७ मध्ये त्यांनी हे मांडले. ती अंडी जमवणाऱ्यांच्या मनात कीटकनाशक असण्याचे कारणच नव्हते. आजच्या नमुन्याला उद्याचा कोणता प्रश्न विचारला जाईल, हे तो ठेवणाऱ्याला कधीच माहीत नसते.

सायबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेतले हाडांचे दोन हजारांहून अधिक तुकडे कोणत्या प्राण्याचे, हे नुसत्या नजरेने सांगता येत नव्हते. ते फेकले गेले नाहीत. प्रथिनांवरून प्राणी ओळखण्याची पद्धत वापरली, तेव्हा त्यांतला जेमतेम अडीच सेंटीमीटरचा एक तुकडा माणसाचा निघाला. त्यातल्या डीएनएने २०१८ मध्ये सांगितले की ती एक मुलगी होती. आई निअँडरथल, बाप डेनिसोव्हन; दोन्ही आता लुप्त झालेले मानवगट.

मात्र नुसती वस्तू जपून भागत नाही. तिच्याबरोबरची चिठ्ठी हरवली की वस्तू अर्धी मुकी होते. मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदची कवटी १९६१ मध्ये खाणकामात सापडली. ती नेमकी कोणत्या थरातून आली याची नोंद झाली नाही, आणि कित्येक वर्षे तिचे वय सुमारे ४०,००० वर्षे धरले गेले. तिथे पुन्हा उत्खनन झाले, आगीत भाजलेल्या गारगोटीच्या हत्यारांवरून काळ काढला, तेव्हा २०१७ मध्ये कळले की ते अवशेष सुमारे ३,००,००० वर्षांपूर्वीचे आहेत. एका न लिहिलेल्या नोंदीपायी केवढा फरक!

आणि इमारतच जळली तर? २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री ब्राझीलच्या राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली. तिथे सुमारे २ कोटी वस्तू होत्या. लुझिया या प्राचीन स्त्रीच्या कवटीचे तुकडे राखेतून वेचता आले. पण ज्या भाषा बोलणारे आता कुणी उरले नाहीत, त्यांची ध्वनिमुद्रणेही त्या आगीत गेली. ती कुठून वेचणार? त्या बातमीनंतर मला कित्येक दिवस झोप लागली नव्हती.

संपादक महोदय, माझी मागणी छोटी आहे. नव्या शोधाची बातमी देताना 'सर्वात जुने' या शब्दांबरोबर आणखी दोन ओळी द्याव्यात: वय कोणत्या पद्धतीने काढले आणि ती वस्तू आता कुठे, कोणाच्या ताब्यात आहे. शोध एखाद्या जुन्या संग्रहातून लागला असेल, तर तेही सांगावे आणि खड्ड्याऐवजी एकदा ती वस्तू जिथे जपून ठेवली होती त्या कपाटाच्या खणाचे छायाचित्र छापावे. संग्रहालयांच्या खर्चाला कात्री लावताना पहिला घाव साठवणीच्या खोल्यांवर पडतो, कारण त्या पाहायला कुणी जात नाही. आपल्या वाचकांना त्या खोल्या दिसू द्या.

आपली,
एक निवृत्त नोंदणी साहाय्यक