कॉनानच्या आधी कुल वाचावा

महोदय,

तलवार आणि जादूच्या कथा म्हटल्या की अमेरिकी लेखक रॉबर्ट हॉवर्ड यांचा वीर कॉनान तेवढा आठवला जातो, याची मला मनापासून खंत वाटते. अटलांटिसमध्ये जन्मून व्हॅलुशिया या काल्पनिक राज्याचा राजा झालेला त्यांचाच वीर कुल १९२९ सालीच ‘विअर्ड टेल्स’ मासिकात अवतरला होता आणि त्याचीच एक न खपलेली कथा नव्याने लिहून हॉवर्ड यांनी १९३२ मध्ये कॉनान घडवला. १९३० सालची ‘किंग्ज ऑफ द नाइट’ ही कुलची कथा तर आवर्जून वाचावी. रोमनांशी झुंजणाऱ्या ब्रान मॅक मॉर्न या पिक्ट (प्राचीन स्कॉटलंडमधील लोक) राजाच्या फौजेतील नॉर्स (स्कँडिनेव्हियाकडचे) योद्धे, परका राजा पुढे असल्याशिवाय लढणार नाही, असे अडून बसतात, तेव्हा मांत्रिक गोनार थेट कुललाच पुरातन काळातून बोलावतो आणि तो उगवत्या सूर्यातून चालत येतो. तिथे अंगावर काटा येतो. कॉनान, कुल आणि ब्रान या तिन्ही वीरांच्या कथा मराठीत एकत्र याव्यात, अशी प्रकाशकांना विनंती आहे.

आपला,
एक वाचक