बंदूक घेतेय, त्याबद्दल

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बंदुकीचा विषय निघाला की आई फोन बाबांकडे देते आणि बाबा परवान्याचं विचारतात. पुढे बोलणं सरकतच नाही. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून टाकते.

आधी आईचं. आई, तुझ्या गळ्यात माळ आहे. लेक पाखरं मारायला निघाली हे तुला पटणार नाही, आणि पटवायचा माझा आग्रहही नाही. फक्त एवढंच सांगते की दुकानातली कोंबडी मी किती वर्षं खातेय, तेव्हा तू चकार शब्द काढला नाहीस. जे खाते ते एकदा आपल्या हाताने आणून, सोलून, शिजवून खावं असं मनात आलं. भिंतीवर टांगायला काही मारणार नाही. तू इथे येशील तेव्हा तुझी भांडी वेगळीच असतील, ती काळजी नको.

पाखरू म्हणजे फेजंट. कोयनेकडे रानकोंबडा असतो ना, त्याच्याच कुळातला. मूळचा चीनकडचा, १८८०च्या सुमारास अमेरिकेत ओरेगॉनमध्ये आणून सोडला आणि नंतर इकडे साऊथ डकोटात असा रुळला की १९४३ साली राज्यपक्षी होऊन बसला. पाकिटात २५ सेंटचं एक नाणं ठेवलंय, २००६ सालचं. त्यावर उडताना दिसतो तो हाच. इथे मारायचा तो फक्त नर, दिवसाला तीन. मादीला हात लावायचा नाही. घरी नेताना पाय, डोकं किंवा पिसं अंगावर ठेवावी लागतात, म्हणजे तपासणाऱ्याला नर ओळखू यावा. बंदूक-काडतुसांवरचा कर १९३७ च्या एका कायद्यामुळे राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो, लांब नळीच्या बंदुकीवर तो ११ टक्के आहे. आपल्याकडे १९७२ चा कायदा आला आणि पुढे शिकार बंदच झाली, ते योग्यच झालं. औंधच्या माळावर तित्तर ओरडलेला मला अजून हवाय. दोन्हीकडची गणितं वेगळी आहेत.

आता बाबांचं. परवान्याचं म्हणाल तर ऐकून तुम्ही कपाळाला हात लावाल. ग्रीन कार्ड असलं की दुकानात एक फॉर्म भरायचा, दुकानदार सरकारकडे चौकशी करतो, उत्तर आलं की बंदूक हातात. कलेक्टर कचेरीच्या चकरा नाहीत, पोलीस पाटलाचा दाखला नाही. इतकं सोपं असणं मला फारसं रुचत नाही, पण आहे हे असं आहे. शिकारीचं लायसन्स वेगळं काढावं लागतं. सुरक्षिततेचा कोर्सही मी करून घेतला.

तुम्ही म्हणालात, ‘बारा बोअर घे, तात्यांची होती तशी, डोळे झाकून.’ (आई, बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप; आकडा मोठा तशी नळी बारीक.) मलाही आधी तसंच वाटत होतं. शेजारी एक म्हातारे शेतकरी आहेत, जन्मभर फेजंटच्या मागे हिंडलेले. त्यांनी मला त्यांच्या बंदुका एकेक करून खांद्याला लावायला दिल्या आणि बारा बोअर माझ्या यादीतून गेली. फेजंटच्या शिकारीत बसून राहायचं नसतं. कापलेल्या मक्याच्या रानातून आणि छातीपर्यंतच्या गवतातून कुत्र्यामागे दिवसभर चालायचं असतं, आणि पाखरू उठतं तेव्हा हात दमलेले असतात. साडेतीन किलोची बंदूक दुपारनंतर वर यायला अर्धा क्षण उशीर करते, तेवढ्यात कोंबडा कुंपणापार. म्हणून मी वीस बोअर घेतेय, तीन किलोच्या आतली. छर्रे थोडे कमी बसतात, सव्वा औंसाऐवजी एक औंस. पण चांगला कुत्रा असला की पाखरू वीस-तीस यार्डांवर उठतं, तिथे एक औंस पुरतो. फार हलकी घेतली तर धक्का जास्त बसतो, म्हणून अगदी पोरासोरांची पिटुकली बंदूकही नको.

मला सर्वांत जास्त वेळ लागला तो मापाला. दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंतचं अंतर बहुतेक बंदुकांत चौदा-सव्वाचौदा इंच असतं. हे माप पाच फूट नऊ-दहा इंचाच्या पुरुषाचं. मी पाच फूट एक इंच. लांब दस्ता काखेत अडकतो, मग मान पुढे काढून गाल टेकवावा लागतो आणि बार चुकतो. दुसऱ्याच्या मापाचा ब्लाउज घालून लग्नाला जावं तशी गत. छऱ्याच्या बंदुकीला मागचा नेम नसतो, बाबा, तुम्हाला माहीतच आहे. डोळा हाच मागचा नेम. गाल जिथे टेकेल तिथे डोळा, आणि डोळा जिथे तिथे बार. म्हणून गालाखालची लाकडाची उंची अर्ध्या इंचाने चुकली तरी बार कोंबड्याच्या वरून नाहीतर खालून जातो.

त्यात डोळा कुठला, हाही प्रश्न. तुम्ही ओसरीवरून करून बघा: दोन्ही हात लांब करा, अंगठे-तर्जन्या जुळवून मध्ये लहानशी फट ठेवा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून यमाईच्या देवळाचा कळस बघा. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने कळस फटीतच राहतो तो तुमचा मालक डोळा. माझा उजवा निघाला, आणि मी उजव्या खांद्यावरून मारते, त्यामुळे निभावलं. उलटं असतं तर डावा डोळा मिटून मारायला शिका, नाहीतर बंदूक डाव्या खांद्यावर घ्या.

दुकानात पंप ऍक्शन, म्हणजे नळीखालची मूठ मागेपुढे सरकवून पुढचं काडतूस चढवायची बंदूक, चार-पाचशे डॉलरला नवी मिळते, पावसात-चिखलात चालते, आणि पहिली बंदूक म्हणून तीच घे असं सांगणारे पुष्कळ भेटले. वाईट नाही. तरी मी ओव्हर-अंडर घेतेय, म्हणजे नळ्या शेजारी नसून एकीवर एक. वापरलेली आहे, ब्राउनिंगची सिटोरी. कंपनी अमेरिकन, बंदूक बनते जपानमध्ये. लोखंडावर थोडे ओरखडे, लाकूड चांगलं. तीच घ्यायचं पहिलं कारण म्हणजे ती मधल्या बिजागरीवर वाकवून उघडली की दहा पावलांवरच्या माणसालाही नळ्या रिकाम्या दिसतात. तारेचं कुंपण ओलांडताना, गाडीपाशी, कुत्रा पायात घुटमळताना हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. दुसरं म्हणजे दोन नळ्यांना दोन चोक. चोक म्हणजे नळीचं तोंड किती आवळलंय ते; जितकं आवळ तितके छर्रे एकत्र राहतात. चाळीस यार्डांवर तीस इंचाच्या वर्तुळात इम्प्रूव्ह्ड सिलिंडर साधारण निम्मे छर्रे ठेवतो, मॉडिफाइड साठ टक्के, फुल सत्तर. पहिला बार जवळच्या पाखरावर, मोकळा. हुकलं तर दुसरा लांब गेलेल्यावर, आवळलेला. तिसऱ्या बाराची मला गरज वाटत नाही. दोनात नाही पडलं तर त्याचं नशीब.

तात्यांच्यासारखी शेजारशेजार नळ्यांची एक जुनी दुनळी इथेही पाहिली होती, कोरीव कामाची. मन गेलं होतं, खरं सांगते. पण इथल्या बऱ्याच सरकारी गवताळ राखीव रानांत शिशाचे छर्रे चालत नाहीत, पोलादाचे लागतात, आणि पोलाद जुन्या नळ्यांना, त्यातही आवळ चोकला, सोसत नाही. पोलाद शिशापेक्षा हलकं, म्हणून छर्रा दोन नंबर मोठा घ्यायचा: शिशाचा सहा नंबर तिथे पोलादाचा चार (आकडा लहान तसा छर्रा मोठा). शेजारच्या म्हाताऱ्यांच्या स्वतःच्या शेतात शिसं चालतं.

एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवलीय. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या नळीत घसरून पुढे अडकतं, आणि त्यामागे बाराचं भरून बार काढला की नळी फुटते. म्हणूनच वीसची काडतुसं पिवळी करतात. आपल्या घरात बाराचं एकही येणार नाही. बंदूक लोखंडी कपाटात, काडतुसं वेगळ्या कुलुपात, दोन्ही किल्ल्या माझ्याकडे. तुमचे जावई या भानगडीत नाहीत; त्यांना पाखरू शिजवायचं आहे, मारायचं नाही. नातू विचारतो, त्याला मी उघडी, रिकामी बंदूक दाखवलीय आणि हात लावायचा नाही हे बजावलंय.

आता तात्यांच्या दुनळीचं. दर निवडणुकीला तुम्ही ती पाठीवर टाकून ठाण्यात जमा करायला जाता आणि परत आणायला पुन्हा हेलपाटा, हे आता पुरे. गुडघे तुमचे, पण चिंता आमची. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवानाधारकाचं वय सत्तर झालं, किंवा पंचवीस वर्षं बंदूक बाळगून झाली, की हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागता येतो. तुम्ही दोन्हींत बसता. दादाला हवी असेल तर आत्ताच अर्ज करू द्या. त्याला नको असेल तर परवानाधारक विक्रेत्याकडे देऊन पावती घ्या. आणि फडताळातली ती जुनी काडतुसं, पुठ्ठ्याची, फुगलेली, त्यांना कोणी हात लावू नये. ती उडवून बघायची नाहीत, विस्तवाजवळ नाहीत, विहिरीत टाकायची नाहीत. ठाण्यात सांगून त्यांच्याच हवाली करा.

दादाशी बोलून काय ठरतं ते कळवा. मी त्याला वेगळं लिहीत नाही, हेच पत्र वाचायला द्या.

तुमची,
लेक

ता. क. आई, शाळूचं पीठ पाठवू नकोस, इथे मिळायला लागलंय. कारळ्याची चटणी मात्र पाठव.