'इंटिरिअर्स' आणि 'द व्हील' या आल्बमांसाठी रोझॅन कॅश यांना आभारपत्र

आदरणीय रोझॅन कॅश यांना सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही, आणि हे पत्र मराठीत असल्यामुळे ते तुमच्या वाचनात येण्याचा संभवही कमीच आहे. तरीही ते उघडपणे लिहीत आहे, कारण अमेरिकन गायिका आणि गीतकार म्हणून तुम्ही केलेल्या दोन आल्बमांनी अतिशय अवघड काळात मला जो आधार दिला त्याची पोच देणे मला आवश्यक वाटते. त्याच काळातून आज जाणाऱ्या एखाद्या मराठी बाईपर्यंत या निमित्ताने ती गाणी पोहोचावीत, अशीही इच्छा आहे. त्यांतला पहिला आल्बम १९९० चा 'इंटिरिअर्स' आणि दुसरा १९९३ चा 'द व्हील'.

न्यू जर्सीत आमचा संसार मोडला तेव्हा कागदपत्रांचे काम वकिलांनी वेळेत पार पाडले. घरातल्या वस्तूंची वाटणी मात्र आम्हालाच करायची होती, आणि त्यात स्वयंपाकघरातली भांडी आली. आमच्याकडे लग्नात भांडी देताना त्यांवर नावे घालून देतात. सांगलीहून विमानाने आणलेल्या त्या स्टीलच्या डब्यांवर, ताटांवर आणि पातेल्याच्या काठावर आम्हा दोघांची नावे आणि लग्नाची तारीख बारीक ठिपक्यांच्या अक्षरांत कोरलेली होती. ती कोणी ठेवायची यावर वाद झाला नाही, कारण ती कोणालाच नको होती. त्या दिवसांत भारतातून आणि इथूनही जे फोन येत, त्यांत सगळ्यांचे सांगणे एकच असे: झाले गेले गंगेला मिळाले, आता पुढचे बघ. सांगणाऱ्यांची माया खरी होती. पण ज्या दुःखाकडे अजून नीट पाहिलेही नव्हते, ते गंगेला सोडायचे तरी कसे, हे मला कोणी सांगू शकत नव्हते.

अशा मनःस्थितीत आमच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयातून 'इंटिरिअर्स'ची सीडी मी घरी आणली. अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या कंट्री संगीताशी माझा परिचय तोवर जुजबी होता आणि तुमच्याविषयी, तुम्ही विख्यात कंट्री गायक जॉनी कॅश यांच्या कन्या आहात, एवढेच ऐकून होते. पुढे तुमचे 'कम्पोज्ड' हे आत्मकथन वाचले आणि तो आल्बम करताना तुम्ही काय पणाला लावले होते ते समजले. १९८७ च्या 'किंग्ज रेकॉर्ड शॉप'मधली चार गाणी कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली होती. एवढ्या यशानंतर कोणीही तीच वाट पुढे धरली असती. त्या चारपैकी फक्त एकाच्या लेखनात तुमचा हात होता, ही गोष्ट बाहेरच्या कोणाला खुपण्यासारखी नव्हती, तुम्हाला मात्र ती आतून खुपत असावी. कारण त्याच सुमारास पडलेल्या एका स्वप्नाविषयी तुम्ही लिहिले आहे. एका समारंभात गायिका लिंडा रॉन्स्टॅट आणि आर्ट नावाचे एक वृद्ध गृहस्थ बोलत बसले आहेत, तुम्ही त्या संभाषणात शिरू पाहता, आणि ते गृहस्थ तुमच्याकडे तुच्छतेने पाहून सांगतात की हौशी लोकांविषयी आम्हाला आदर नाही. जागे झाल्यावर तुम्ही लिहिण्याची, गाण्याची आणि काम करण्याची सगळी रीत बदललीत. 'इंटिरिअर्स'ची दहाही गाणी तुम्ही स्वतः किंवा सहलेखकांबरोबर लिहिलीत आणि त्याची निर्मितीही स्वतःच केलीत. पूर्वीच्या तुमच्या बहुतेक आल्बमांचे निर्माते तुमचे पती रॉडनी क्रॉवेल असत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निर्णयाचे वजन कळते.

त्यातले शेवटचे गाणे, 'पॅरलाइज्ड', मला दीर्घकाळ सलग ऐकवत नसे. पियानो आणि तुमचा आवाज, याखेरीज त्यात जवळजवळ काही नाही. एक बाई फोनचा रिसीव्हर उचलते आणि लाइनवर आधीच दोघे बोलत असल्याचे तिला ऐकू येते. त्या क्षणी ती जिथे थिजते तिथेच गाणे तिच्याबरोबर थांबून राहते. ती ओरडत नाही, कोणाला शाप देत नाही, आणि तिची बाजू खरी असल्याचा पुरावाही मांडत नाही. मला सर्वांत अधिक मोलाचा वाटतो तो या गाण्यांचा क्रम. नववे गाणे उपचार मागते, त्याचे नावच 'आय वॉन्ट अ क्युअर' असे आहे, आणि त्याच्या पाठोपाठ दहावे येते ते हे थिजलेपणाचे. म्हणजे उपाय मागितला गेला आहे, पण आल्बम संपेपर्यंत तो मिळालेला नाही, आणि मिळाल्याचे नाटक तुम्ही केले नाही. झाले गेले विसरून जा असे न म्हणणारा तो मला भेटलेला पहिला आवाज होता.

माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणत असे आणि त्यांत सासुरवास, माहेरची ओढ, दूर दिलेली लेक हे सगळे असे. दुःख जात्याला सांगायचे, दळण संपेपर्यंत सांगत राहायचे, पण ते दूर झाल्याची ग्वाही शेवटी द्यायची नाही, अशी त्या ओव्यांची रीत होती. टेनेसीत जन्मलेल्या आणि कॅलिफोर्नियात वाढलेल्या एका गायिकेच्या गाण्यात मला तीच रीत सापडेल, असे वाटले नव्हते. कदाचित म्हणूनच ती गाणी मला परकी वाटली नाहीत.

तुमचे आल्बम काढणाऱ्या कोलंबिया कंपनीच्या, कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरातल्या शाखेला मात्र या आल्बमचे काय करावे ते उमगले नाही, आणि रेडिओवरही पूर्वीच्या गाण्यांसारखे त्याचे स्वागत झाले नाही. ग्रॅमीचे नामांकन मिळाले तेही समकालीन लोकसंगीताच्या गटात. अशा वेळी पुढचा आल्बम थोडा प्रसन्न करून देण्याचे वचन देणे सोपे होते. तुम्ही त्याच कंपनीच्या न्यूयॉर्क शाखेकडे आपली बदली मागून घेतली आणि १९९१ मध्ये स्वतःही न्यूयॉर्कला राहायला गेलात. १९९२ मध्ये तुमचा घटस्फोट झाला. तीन मुलींची आई असताना, ज्या शहराने नाव आणि यश दिले ते सोडून नव्या शहरात घर मांडणे किती कठीण असते, याची थोडीफार कल्पना आता मला आहे.

म्हणून 'द व्हील' ऐकताना तो एका वेगळ्याच हवेतला आल्बम वाटतो. जॉन लेव्हेन्थॉल यांच्याबरोबर तुम्ही त्याची निर्मिती केली आणि पुढे १९९५ मध्ये तुमचा त्यांच्याशी विवाहही झाला. हे माहीत असल्यामुळे या आल्बमकडे पुष्कळ जण नव्या प्रेमाची कहाणी म्हणून पाहतात, आणि ते चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. माझ्या कानाला मात्र त्यात राख आधी ऐकू येते. 'फ्रॉम द ॲशेस' (राखेतून) आणि 'फायर ऑफ द न्यूली अलाइव्ह' (नव्याने जिवंत झालेल्यांची आग) या गाण्यांत जी बाई बोलते ती पुन्हा जिवंत होते आहे आणि त्या जिवंत होण्याची तिला धास्तीही वाटते आहे. जखम भरताना ती खाजते आणि ठणकते, हे सांगणारी गाणी फार थोडी असतात. शेवटचे गाणेही कशाची खात्री देत नाही, देव आपल्या बाजूला असेल तर, असा संशय ठेवूनच ते संपते. 'इंटिरिअर्स'पासून इथवर यायला तुम्हाला तीन वर्षे लागली. ती तुम्ही घेतलीत, म्हणून मीही माझ्या गतीने सावरू शकले आणि उशीर होतो आहे या विचाराने स्वतःला छळण्याचे थांबवू शकले. तुमच्या उपकारांतला सर्वांत मोठा हाच आहे आणि तो नेमक्या शब्दांत सांगता यावा म्हणून हे सारे विस्ताराने लिहिले.

आणखी एका गाण्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. २०१४ च्या 'द रिव्हर अँड द थ्रेड'मधले 'व्हेन द मास्टर कॉल्स द रोल' हे अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळाचे गाणे तुमच्या, लेव्हेन्थॉल यांच्या आणि क्रॉवेल यांच्या नावावर आहे. ज्या विवाहाच्या मोडण्यातून 'इंटिरिअर्स' आला, त्या विवाहातले दोघे आणि आजचे पती एका गाण्यासाठी एकत्र येतात, हे वाचून मी कितीतरी वेळ त्या श्रेयनामावलीकडे पाहत राहिले. प्रत्येक मोडलेल्या नात्याचे असे होऊ शकत नाही, आणि व्हावेच असेही नाही. माझ्या बाबतीत तसे घडेल अशी अपेक्षा मी ठेवलेली नाही. पण कडवटपणा कायमचा असलाच पाहिजे, ही समजूत त्यामुळे मनातून गेली.

'द व्हील' हा कोलंबियासाठीचा तुमचा शेवटचा आल्बम ठरला. तीस वर्षांनी त्याच्या मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्क तुमच्याकडे परत आले आणि २०२३ मध्ये तुम्ही तो स्वतःच्या रंबलस्ट्रिप रेकॉर्ड्सतर्फे पुन्हा प्रसिद्ध केलात, याचा मला मनापासून आनंद झाला. इतकी वर्षे मी ग्रंथालयाची प्रत आणून ऐकत होते, ही नवी आवृत्ती मात्र मी विकत घेतली. न्यूयॉर्कमध्ये तुमचा पुढचा कार्यक्रम जाहीर होईल तेव्हा मी हडसन नदीपलीकडून नक्की येईन आणि शक्य झाल्यास या पत्राचा इंग्रजी मजकूर सभागृहातील कोणाकडे तरी तुमच्यासाठी ठेवीन. तोवर, या दोन आल्बमांसाठी आणि ते करताना तुम्ही दाखवलेल्या धैर्यासाठी माझे मनःपूर्वक आभार स्वीकारावेत, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
न्यू जर्सीतील एक मराठी श्रोती