बाजार आणि शेजार जोडणाऱ्या ताईंना जाहीर आभार पत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

वस्तीतल्या कार्यक्रमांच्या समन्वयाची जबाबदारी आपण या महिन्यात पुढच्या मंडळींकडे सोपवत आहात, हे कळल्यावर आपले आभार चारचौघांत, लेखी मानावेत असे मनापासून वाटले. आपण काय केलेत आणि ते कसे केलेत, हे इतर वस्त्यांतल्या लोकांनाही कळायला हवे. रस्त्यावरचे कार्यक्रम पुष्कळ ठिकाणी होतात आणि आपल्याच भागातल्या दुकानांतून खरेदी करण्याचे आवाहनही पुष्कळ ठिकाणी केले जाते. मात्र कार्यक्रमाची गर्दी आणि दुकानाचे रोजचे गिऱ्हाईक यांचा संबंध आपोआप जुळत नाही, तो कोणीतरी खपून जुळवावा लागतो, हे ओळखणारी व्यक्ती मी आपल्या रूपाने प्रथमच पाहिली.

आपण हे काम हाती घेण्यापूर्वी कार्यक्रमाच्या दिवशी दुकानदारांचे नुकसानच होत असे. रस्ता वाहनांना बंद, व्यासपीठ एका टोकाला, दुकानांच्या दारासमोर बाहेरून आलेल्या विक्रेत्यांचे स्टॉल आणि ध्वनिक्षेपकाच्या आवाजात गिऱ्हाईकाचे बोलणे ऐकू येण्याची सोय नाही, अशी स्थिती असल्यामुळे अनेक जण दुपारीच शटर ओढून घेत. छोट्या दुकानाचे भाडे, विजेचे बिल आणि कामगाराचा पगार हा खर्च विक्री झाली काय किंवा न झाली काय, ठरलेल्या तारखेला द्यावाच लागतो. घाऊक व्यापाऱ्याची उधारी वेळेवर फेडली नाही, तर पुढचा माल अडतो. अशा दुकानाला महिन्यातली एक चांगली संध्याकाळही बुडालेली परवडत नाही. 'यांना उत्साहच नाही' असे सहज बोलले जात असताना आपण मात्र दुकानादुकानांत जाऊन प्रत्येकाची अडचण विचारलीत, याबद्दल मी पहिले आभार मानतो.

त्या फेरीत आपल्या हातात असलेला रस्त्याचा पेन्सिलने काढलेला नकाशा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. कोणाचा माल कोणत्या वेळी उतरतो, कोणाच्या दारात उतार हवा, कोणत्या घरात आजारी माणूस आहे, रुग्णवाहिकेसाठी कोणती बाजू मोकळी ठेवायची, हे सारे आपण त्यावर बारीक अक्षरांत टिपले होते. त्याच नकाशावरून व्यासपीठ रस्त्याच्या मध्यावर आले, त्यामुळे कोणत्याही बाजूने येणाऱ्या माणसाला निम्म्या दुकानांवरून चालत यावे लागू लागले. स्टॉलची जागा आधी इथल्या दुकानदारांना आणि घरून व्यवसाय करणाऱ्यांना विचारून मगच इतरांना द्यायची, हा नियमही आपण तेव्हाच केलात. ध्वनिक्षेपकांची तोंडे घरांकडे नकोत आणि कार्यक्रम ठरल्या वेळेला संपलाच पाहिजे, या दोन गोष्टींवर आपण कधीही तडजोड केली नाहीत. रंगात आलेल्या गायकालाही आपण नम्रपणे थांबवलेले मी पाहिले आहे, आणि वस्तीतल्या ज्येष्ठांचा विश्वास आपण तिथेच मिळवलात असे माझे मत आहे.

कारागिरांना आपण स्टॉलमागे बसवले नाहीत, त्यांना त्यांचे काम लोकांसमोर करायला लावलेत, ही कल्पना मला सर्वांत मोलाची वाटते. सायकल दुरुस्त करणाऱ्या काकांनी पाण्याने भरलेल्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे कुठून येतात ते मुलांना शोधायला लावले, ती जागा कोरडी करून काचकागदाने घासायला दिली आणि सोल्यूशन लावल्यावर ते थोडे सुकेपर्यंत ठिगळ लावायचे नाही, हे दोनदा बजावले. ठिगळ दाबून धरताना मुलांचे चेहरे किती गंभीर झाले होते! त्यानंतरच्या आठवड्यात त्यांतलीच काही मुले स्वतःच्या सायकली घेऊन काकांच्या दुकानात उभी होती, आणि त्यांच्या मागे त्यांचे पालक होते. कार्यक्रमाच्या दिवशी त्या दुकानाच्या गल्ल्यात फारसे पैसे पडले नसतील, पण त्या ओळखीचे गिऱ्हाईक पुढे एरवीच्या दिवसांत येत राहिले. 'गर्दी मोजू नका, पुन्हा कोण आले ते पाहा' असे आपण बैठकीत म्हणत होतात, त्याचा अर्थ मला त्या दुकानासमोर कळला.

रस्ता काही तास बंद ठेवण्याला विरोध झाला, तेव्हा आपण तो शांतपणे ऐकून घेतलात. कोलंबियाची राजधानी बोगोटा इथे 1974 साली सुरू झालेल्या उपक्रमाची माहिती आपण त्या बैठकीत दिलीत. तिथे रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत शंभर किलोमीटरहून अधिक लांबीचे रस्ते पायी चालणाऱ्यांना आणि सायकलस्वारांना मोकळे करून दिले जातात. एवढ्या मोठ्या शहराला जे जमते ते आपल्याला एका रस्त्यापुरते, थोडा वेळ करून पाहता येईल, एवढेच आपले म्हणणे होते. आणि ज्यांना वाहन बाहेर काढावेच लागते त्यांच्यासाठी एक स्वयंसेवक नेमून आपण त्यांचा प्रश्नही सोडवलात.

जेन जेकब्स यांचा उल्लेखही मी प्रथम आपल्याकडूनच ऐकला. न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेज भागात राहणाऱ्या या लेखिकेने 1961 साली शहरांविषयी लिहिताना, रस्त्यावर सहज लक्ष ठेवणारे दुकानदार आणि रहिवासी हेच त्या रस्त्याच्या सुरक्षिततेचा पाया असतात, असे मांडले होते. तिच्या रस्त्यावरचे लोक पाहुण्यांसाठी घराची किल्ली ओळखीच्या दुकानदाराकडे ठेवून जात, हे उदाहरण आपण सांगितलेत तेव्हा बैठकीतल्या कितीतरी जणांनी मान डोलावली, कारण आपल्याकडचे दुकानदारही कोणाचे पार्सल ठेवून घेतात, तर कोणाच्या मुलाला पालक येईपर्यंत दुकानात बसवतात. या सेवेची पावती कधी फाडली जात नाही. दुकान बंद पडले, की वस्तू दुसरीकडून मागवता येतात, पण रस्त्यावर नजर ठेवणारे ते माणूस जाते, आणि हे नुकसान मला वाढत्या दरांपेक्षाही गंभीर वाटते.

दुकानदारांची बाजू घेताना आपण गिऱ्हाईकाचा विसर पडू दिला नाहीत, याचा मला विशेष आदर वाटतो. दुकानाची वेळ पाळा, किमती स्पष्ट लिहा, मागितली नाही तरी पावती द्या आणि वस्तू खराब निघाली तर कुरकूर न करता बदलून द्या, असे आपण त्यांना सर्वांसमक्ष सांगितलेत. आम्हां रहिवाशांनाही आपण उपकाराच्या भावनेने खरेदी करायला सांगितले नाहीत. हवी ती वस्तू आधी जवळच्या दुकानात विचारावी, उधारी वेळेवर चुकती करावी, तक्रार असेल तर इंटरनेटवर लिहिण्याआधी दुकानदाराशी समोरासमोर बोलावे आणि काम चांगले झाले तर ते चार लोकांना सांगावे, एवढ्याच आपल्या अपेक्षा होत्या. चार लोकांना सांगण्याला एक पैसाही लागत नाही, आणि जाहिरातीवर खर्च करू न शकणाऱ्या दुकानाला त्याचा आधार फार मोठा असतो.

आणखी एका गोष्टीची नोंद करणे मला आवश्यक वाटते. कार्यक्रमाला येणाऱ्या प्रत्येकाने काही विकत घेतलेच पाहिजे, असे वातावरण आपण कधी होऊ दिले नाहीत. बसायला खुर्च्या, प्यायला पाणी आणि व्यासपीठावरचा कार्यक्रम हे सर्वांसाठी विनामूल्य राहिले. ज्यांच्या हातात त्या महिन्यात खर्चाला पैसे नव्हते, तेही मुलांना घेऊन संकोच न करता आले आणि शेवटपर्यंत बसले.

आपला नकाशा, स्टॉलच्या वाटपाची वही आणि परवानगीच्या अर्जांची फाइल आमच्याकडे पोहोचली आहे. पुढील कार्यक्रमासाठी दुकानदारांकडे फेरी मारण्याचे काम माझ्याकडे आले असून, त्यांच्या सूचनांची यादी तयार होताच ती आपल्या नजरेखालून घालावी अशी विनंती आहे. कार्यक्रमाच्या दिवशी मात्र आपण कृपया श्रोत्यांत बसावे. खुर्च्या मांडायला आणि उचलायला आम्ही पुरेसे जण आहोत.

आपला कृतज्ञ,
वस्तीतील एक रहिवासी